वीस दिवस शिल्लक

मी एकतीस वर्षं साताऱ्याला जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात रजेच्या टेबलावर काढली. कुठल्या मास्तरणीची किती रजा उरली आहे हे मला तोंडपाठ असायचं आणि त्याचा मला तोराही होता. पोरी अर्ज घेऊन यायच्या. मी चष्म्यावरून बघायचे आणि म्हणायचे, "अगं, आत्ताच कशाला सगळी संपवतेस? थोडी हातची राखून ठेव." बाळंतपणाची सहा महिन्यांची रजा तर हक्काचीच, तिला कुणी हात लावू शकत नव्हतं. पण तिच्या पुढेमागे काय जोडायचं ते माझ्याकडून शिकावं. साहेबसुद्धा म्हणायचे, रजेचं सुमित्राबाईंना विचारा. माझ्या सल्ल्यानं कुणाचा एक दिवस फुकट गेला नाही, असं मी निरोपसमारंभात माइकवरून ठणकावून सांगितलं होतं.

हे सांगायचं कारण, गेल्या वर्षी अमेरिकेत माझ्या धाकट्या लेकीच्या स्वयंपाकघरात बसूनही मी तेच केलं.

चैत्राली आणि जावई सिद्धेश नॉर्थ कॅरोलायनात कॅरी नावाच्या गावी राहतात. दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. तिचे दिवस जूनमध्ये भरायचे होते आणि मी मे महिन्यात जाणार होते. पण मार्चच्या शेवटी सिद्धेशचा फोन आला. माझी नात रुही तीन महिने आधीच आली होती, किलोभर वजनाची. मिळेल ते तिकीट काढून मी चौथ्या दिवशी तिथे पोचले. बाळंतविडा घ्यायलाही वेळ झाला नाही; दुपट्यांसाठी जुनी लुगडी तेवढी बॅगेत टाकली.

रुही दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. नाकात नळी, पायाला तार. हात घालायला पेटीला गोल खिडकी होती. मी हात धुऊन, पुन्हा धुऊन, करंगळी आत घातली. तिनं ती धरली. तिची अख्खी मूठ करंगळीच्या टोकावर मावली. मी तिथेच उभ्याउभ्या रडले.

डॉक्टर म्हणाले, बाळ चांगलं आहे, पण दहा-अकरा आठवडे इथेच ठेवावं लागेल.

त्या संध्याकाळी सिद्धेशनं कंपनीचं पत्र माझ्यासमोर ठेवलं. चैत्रालीला सहा आठवडे रजा, म्हणजे कामाचे तीस दिवस. बस्स.

"आणि सरकारची?" मी विचारलं.

"सरकारची बारा आठवडे असते, आई, पण ती अनपेड. आणि त्यालाही एक वर्ष जॉब कम्प्लीट लागतो. हिला आठच महिने झालेत."

"अरे, पण मूल काय वर्ष मोजून येतं? तुझी किती?"

"पाच दिवस. संपले."

मी कपाळावर हात मारून घेतला. एवढा मोठा देश, चंद्रावर माणूस पाठवून मोकळा झाला आणि बाळंतिणीला तीस दिवस? मी म्हटलं, मग नोकरी सोड. सिद्धेश हळूच म्हणाला, "आई, तिचा व्हिसा जॉबवर आहे. आणि रुहीचा सगळा इन्शुरन्स तिच्याच कंपनीचा आहे." म्हणजे मुलीला जगवायचं तर तिच्यापासून उठून कामावर जायचं.

मग मी चष्मा लावला. माझ्या टेबलावरचं काम होतं ते.

"हे बघ," मी चैत्रालीला म्हटलं. "दवाखान्यात नर्स आहेत, डॉक्टर आहेत. दिवसा मी बसेन. तू आत्ता सगळी रजा इथे घालवलीस तर ती घरी येईल त्या दिवशी तुझ्याकडे एकही दिवस नसेल. दहा दिवस घे. कामावर जा. वीस राखून ठेव. घरी आली की तिला पोटभर घे."

ती म्हणाली, "मी तिला सोडून जाऊ, आई?"

"सोडून कुठे? संध्याकाळी आहेसच की."

तिनं कंपनीत रजेचं काम बघणाऱ्या बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, तुकड्यांनी घेतली तरी चालेल. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, जरा अभिमानही वाटला.

थोरली हिमानी जर्मनीत असते. तिचा कुश पाच आठवडे आधी झाला होता. तिचा फोन आला, तेव्हा चैत्राली कामावर रुजू होऊन दोन दिवस झाले होते.

"ऑफिसला गेली? आई, आर यू सीरियस? इथे बाळ आधी आलं तर रजा वाढते! आठचे बारा आठवडे झाले माझे. डिलिव्हरीआधीचे राहिलेले दिवसही पुढे जोडून दिले. नंतर मी वर्षभर घरी होते. तू आलीस तेव्हा तुला कामच नव्हतं, आठवतंय ना?"

आठवत होतं. कुशला ती सोडतच नव्हती आणि मी नुसती खिडकीत बसून स्वेटर विणले होते. तेव्हा मी थोडी रुसलेसुद्धा होते.

"मग काय करू मी?" मी हिमानीवर खेकसले. "तुझी जर्मनी उचलून आणू इथे?"

मी फोन ठेवला.

मग दिवस तसेच जाऊ लागले. सकाळी सिद्धेश मला दवाखान्यात सोडायचा. चैत्राली दूध काढायचं मशीन काळ्या पिशवीत घालून ऑफिसला जायची. तिथल्या एका खोलीत दार लावून दूध काढायची, संध्याकाळी बाटल्या नर्सच्या हाती द्यायची आणि मग खुर्चीत बसून रुहीला उघड्या छातीवर घ्यायची. तासभर मिळायचा, कधी त्याहून कमी. रुही तिच्याकडे गेली की मॉनिटरवरचे ठोक्यांचे आकडे शांत व्हायचे. माझ्याजवळ तसे होत नसत. नर्स म्हणायची, आईचा वास कळतो त्यांना. मी मान हलवायचे आणि मनात मोजायचे, आता सात आठवडे, मग वीस दिवस सलग.

चौथ्या आठवड्यातल्या मंगळवारी सकाळी रुहीचं पोट फुगलं. रंग उतरला. नर्सनं दुसऱ्या नर्सला बोलावलं, तिनं डॉक्टरांना, आणि मला बाहेर बसवलं. कोणी तरी सांगितलं, आतड्याला इन्फेक्शन आहे, इतक्या लहान बाळांना होतं, फार झपाट्यानं वाढतं. मी चैत्रालीला फोन लावला. उचलला नाही. ती मीटिंगमध्ये होती. मी अकरा वेळा लावला. इंग्रजीत निरोप कसा ठेवायचा ते सुचेना, म्हणून मराठीतच ओरडले, "ये गं, लवकर ये."

ती आली तेव्हा रुहीला ऑपरेशनला नेलं होतं. दुपारी डॉक्टर बाहेर आले आणि आमच्यासमोर खाली वाकून बसले. त्यांनी काही बोलायच्या आधीच मला कळलं.

मग सगळ्या नळ्या काढून त्यांनी रुहीला चैत्रालीच्या हातात दिलं. म्हणाले, हवा तेवढा वेळ घ्या. त्या दवाखान्यात घड्याळाकडे न बघता ती पहिल्यांदाच बसली.

तिसऱ्या दिवशी कंपनीचं पत्र आलं. चैत्रालीनंच मोठ्यानं वाचलं. आम्हांला फार दुःख झालं आहे. जवळचं माणूस गेल्यास तीन दिवस रजा मिळते. बाळाच्या संगोपनाची उरलेली रजा मात्र, कारण आता राहिलं नसल्यामुळे, घेता येणार नाही. सोमवारी भेटू. सांभाळा स्वतःला.

पत्र लिहिणाऱ्या बाईंचा राग यावा म्हणून मी फार प्रयत्न केला. पण तसली पत्रं मीही लिहिली होती. नियम असतो, तो खाली उतरवायचा आणि वर दोन शब्द दुःखाचे.

"वीस दिवस शिल्लक राहिले, आई," चैत्राली म्हणाली.

मी तिचे पाय धरायला वाकले. माझ्या पोटच्या पोरीचे. तिनं मला उठवलं.

"तू बरोबरच सांगितलं होतंस," ती म्हणाली. "तुझ्या जागी मी असते तर मीही हेच सांगितलं असतं."

तिनं मला दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

सोमवारी तिला दोन पोळ्या नि बटाट्याची भाजी डब्यात घालून दिली. ती दाराशी गेली आणि परत आली. कपाटाजवळ जाऊन तिनं मशीनची काळी पिशवी खांद्याला लावली.

"दूध येतंय अजून," ती म्हणाली. "दुपारपर्यंत ब्लाउज भिजतो."

मी दार धरून उभी राहिले. तिची गाडी कोपऱ्यावरून वळली. मग आत येऊन मी रुहीसाठी कापलेली मऊ जुनी लुगडी पुन्हा घडी घालून ठेवली. माझा व्हिसा अजून पाच महिन्यांचा होता.