खापर वाऱ्याच्या माथी

मी बेंगोल बोलतोय. डचांच्या अमदानीतला तांब्याचा अडीच सेंट. बाजारात मला आता कुणी विचारत नाही, पण क्लातेन शहराजवळच्या या खेड्यात माझ्याइतकं कामाचं नाणं दुसरं नाही, असं मी अगदी परवापर्यंत मानत होतो. आता मानत नाही. तेच सांगायचंय, आणि सांगताना जीव थाऱ्यावर नाही.

टांकसाळीत माझ्यावर ठसा आपटला, त्या दणक्याने मी जो दचकलो तो अजून दचकतोच आहे. दार वाजलं, कौलांवर पेरू पडला, की माझ्या कडा थरारतात. पुढे पैसे बदलले, माझे भाऊबंद वितळले, आणि मी सेमीआजींच्या तेलाच्या वाटीत येऊन पडलो.

सेमीआजी गावात अंग चोळून द्यायच्या. इकडे कुणाला सर्दी होवो, मळमळ होवो, छातीत जळजळ होवो, निदान एकच: अंगात वारा शिरला. मग पाठ उघडी करायची, तेल लावायचं आणि माझ्या गुळगुळीत कडेने मणक्यापासून बाहेर, माशाच्या काट्यांसारख्या, रेघा ओढायच्या. रेघ जितकी लाल, तितका वारा जास्त. माणूस ढेकर देई, हलका होऊन घरी जाई, आणि माझी छाती फुगे.

पण एक गोष्ट मला टोचत असे. सर्दीवाले एकदा येत आणि मोकळे होत. काही मात्र दर आठवड्याला हजर. पोट सुटलेला, सतत लवंगी सिगारेट ओढणारा बसचालक. सातव्या महिन्यातली शिक्षिका. तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, विकून दुकान बंद केलं की पोटभर जेवून लगेच आडवा होणारा तेंपेवाला. सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच, छातीत आग आणि घशाशी आंबट पाणी. गेल्या गुरुवारी वारा काढला, मग या गुरुवारी तो आला कुठून? पण नाण्याला कोण विचारतो.

अशात आजींनी मला पार्तिनीबाईंच्या घरी दिलं. घरात एक बेंगोल असावा म्हणून.

पार्तिनीबाई सावल्यांच्या बाहुल्यांच्या खेळात गाणाऱ्या. वाद्यांच्या घोळक्यात गुडघे मुडपून बसायचं आणि पहाटेपर्यंत गायचं. कमरेला स्तागेन, म्हणजे दहा-बारा हात लांबीचा जाड पट्टा, वेढ्यावर वेढे देऊन करकचून आवळलेला. त्याशिवाय बाई नीटस दिसत नाही, अशी इथली समजूत. खेळ संपवून उजाडता घरी आल्या की रात्रभराची भूक निघायची. दोन थाळ्या भात, नारळाच्या दुधातला फणस, झणझणीत सांबाल चटणी, वर गोड काळी कॉफी. आणि पट्टा न सोडताच आडव्या. दोन तासांत खोकत उठायच्या.

मग घसा बसू लागला. वरच्या सुरावर जाताना आवाज काचेसारखा तडकायचा. बाहुल्या नाचवून खेळ करणारे हार्जो, मानाने ‘की हार्जो’, तसे मायाळू. ते म्हणाले, बू (इकडे बाईंना असंच म्हणतात), जरा विश्रांती घ्या, सुरो महिन्यातल्या गावशुद्धीच्या खेळाचं आपण बघू. त्या "बघू"ने पार्तिनीबाईंची झोप उडाली. शेजारच्या गावात एक तरुण गायिका तयारच होती, आणि पार्तिनीबाईंना गाण्यावाचून दुसरं काही येत नव्हतं.

सेमीआजींनी उपाय सांगितला. पोट सैल सोडतेस म्हणून वारा शिरतो, दोन वेढे वाढव. लेक वेनिंग रोज दात-ओठ खाऊन पट्टा ओढायची आणि मग माझ्याने पाठ खरडायची. पट्टा जितका घट्ट, आग तितकी जास्त. आग जितकी जास्त, माझ्या फेऱ्या तितक्या जास्त. हे काहीतरी चुकतंय, असं मला सारखं वाटे, पण मी आपला लाल रेघा ओढत राहिलो.

एका सकाळी भात खाऊन आडव्या झालेल्या पार्तिनीबाई ताडकन उठून बसल्या. छाती आवळलेली, कपाळावर घाम. सेमीआजी धावत आल्या.

"वारा छातीत बसलाय. खरड पोरी, बघतेस काय?"

वेनिंगने मला उचललं. तिच्या तेलकट बोटांतून मी निसटलो आणि घरंगळत पलंगाखाली गेलो. तिने मला शोधून काढलं, आईची पाठ उघडली आणि थांबली. कालच्या रेघा, परवाच्या रेघा. नवी ओढायला जागाच नव्हती.

"नाही आजी, आता दवाखाना," ती म्हणाली. शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर आईला मध्ये बसवून ती निघाली. मी तिच्या मुठीतच राहिलो होतो. त्या मुठीला घाम सुटला होता, आणि नाण्यांना घाम येत असता तर मलाही सुटला असता.

दवाखान्यात वायरी लावून हृदय तपासलं. ती कागदाची पट्टी सरकेपर्यंत मायलेकी एकमेकींकडे बघत नव्हत्या.

"हृदय ठणठणीत आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण आलात ते बरं केलंत. छाती आवळून घाम फुटला तर घरी नाणी शोधत बसायचं नाही." मग त्यांनी पाठ पाहिली. "अगंबाई, भाताची लावणी केलीत की काय इथे? आग पुढे आणि बंब मागे!"

वेनिंगने मूठ आणखी घट्ट मिटली.

बाईंनी समजावलं. घशाची नळी पोटाला मिळते तिथे एक झडप असते. ती सैल पडली की पोटातलं आम्ल वर चढतं, कधी थेट गळ्यापर्यंत. दहा मोठ्या माणसांत एखाद-दोघांना तरी हा त्रास असतोच. सुटलेलं पोट, गरोदरपण, सिगारेट, भरपेट खाऊन लगेच झोपणं, काही गोळ्या, सगळं त्यात भर घालतं. हे ऐकताना माझ्यापुढे एकेक पाठ उभी राहत होती. तो बसचालक, ती शिक्षिका, तो तेंपेवाला. मी त्यांच्या पाठीवर रेघा ओढत होतो आणि आग पुढे जळत होती.

"आणि हा पट्टा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "भरलेली पिशवी कमरेत आवळली तर तोंडातून सांडणारच ना, बू?"

"सैल बांधून बसले तर लोक म्हणतील, पार्तिनी सुटली."

"लोकांना पोट ऐकू येतं का?"

पार्तिनीबाई बऱ्याच दिवसांनी हसल्या.

सकाळी उपाशीपोटी घ्यायची गोळी मिळाली. खेळाआधी हलकं खायचं, घरी आल्यावर थोडंच, आणि तीन तास पाठ टेकायची नाही. पलंगाची डोक्याकडची बाजू वीतभर उंच करायची. गळा सुधारायला मात्र आठवडे लागतील, म्हणाल्या. सुरोला सहाच आठवडे होते.

सेमीआजी चार दिवस रुसल्या. माझ्या नाण्याने कुणाचं वाईट झालंय का, म्हणे. पाचव्या दिवशी घरात दुसरं कुणी नाही असं पाहून त्यांनी वेनिंगला हळूच विचारलं, त्या गोळीचं नाव काय गं? त्या स्वतःही गेली वीस वर्षं छातीतली आग चघळायच्या खडूसारख्या गोळ्यांवर काढत होत्या.

"नाव नाही सांगत. उद्या माझ्यासोबत यायचं," वेनिंग म्हणाली. दुसऱ्या दिवशी आजी निमूट तिच्यासोबत गेल्या.

वेनिंगने पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा रचल्या. पण जमीन ओबडधोबड, एक वीट डुगडुगायची. तिने इकडेतिकडे पाहिलं. मी खिडकीत पडलो होतो. तिने मला उचललं, पुसलं आणि विटेखाली सरकवलं. डुगडुग थांबली.

सुरोच्या खेळाला मी गेलो नाही. जाणार कसा? अंगावर वीट, विटेवर पलंग. की हार्जोंनी पार्तिनीबाईंना अर्ध्याच खेळाला बोलावलं होतं, उरलेला त्या तरुण गायिकेला. मी अंधारात सगळा वेळ अस्वस्थ पडून होतो.

उजाडता दार वाजलं. मी दचकलो. पावलं पलंगाकडे आली नाहीत. खुर्ची सरकली. पार्तिनीबाई बसल्या. कॉफीचा वास नाही, थाळ्यांचा आवाज नाही.

"काय झालं, आई?" वेनिंगने विचारलं.

त्यांनी हळूच ती ओळ घेतली, आवाज तडकायचा तीच. सूर चढला, त्या पायरीशी आला, जरा थरथरला आणि पार झाला.

"अर्ध्यावर थांबू दिलं नाही मला," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून मी इथेच आहे. तुमच्या घरी कुणी रोज छाती चोळत असेल, तर खापर वाऱ्यावर फोडू नका. हवं तर पाठ चोळून घ्या, तेवढ्याने बरं वाटतं हे मीही पाहिलंय. पण आगीचं कारण विचारायला डॉक्टरकडे जा, आणि छाती आवळून घाम फुटला तर त्याच पावली जा.

आणि एक विनवणी. झाडताना मी दिसलो, तर जुनं नाणं सापडलं म्हणून मला उचलू नका. पलंग डुगडुगेल.