सुतकातली आयाळ

तुलिनच्या नवऱ्याचा घोडा वर्षभर सगळ्या तळाच्या डोक्यावर चढून बसला होता, आणि त्याला खाली उतरवायची कोणाची छाती नव्हती. उरगाई लोकांत रीतच तशी. घरचा धनी गेला की त्याच्या घोड्याला सुतक लागतं. त्याच्यावर कोणी बसायचं नाही, त्याच्या आयाळीला कात्री लावायची नाही, आणि गेलेला माणूस अजून खोगिरावर बसलाय असं समजून घोड्याशी अगदी थोरामोठ्यांशी बोलावं तसं बोलायचं. सकाळच्या दुधाचा पहिला डाव त्याचा. तो वाटेत आडवा उभा राहिला तर आपण वळसा घ्यायचा. गेलेल्याचं नाव मात्र आयाळ कापली जाईपर्यंत कोणी घ्यायचं नाही. त्याच्या तोंडी असायचे ते शब्दही टाळायचे.

हा घोडा पिवळसर रंगाचा, काळ्या आयाळीचा. मुळात आगाऊ, त्यात हे असले लाड. पोट सुटलं, आयाळ पार गुडघ्यापर्यंत लोंबायला लागली. गंमत अशी की जितका मान वाढला, तितका तो माणसांना लांब ठेवायला लागला. तुलिन रोज सकाळी लाकडी भांडं पुढे करून म्हणायची, "या हो, दूध घ्या." ही बाई आपल्याला विकायला निघालीय की काय, अशा नजरेनं तो तिच्याकडे बघायचा, कान मागे पाडायचा, आणि ती बाजूला झाल्यावरच दुधाला तोंड लावायचा. तिला वाटायचं, आपलंच काहीतरी चुकतंय. मग ती आणखी गोड बोलायची.

असं करता करता वर्ष सरलं. बर्फ वितळलं, आणि केल्मा नदी ओलांडून उन्हाळी कुरणांकडे निघायचा दिवस उद्यावर येऊन ठेपला. आता इथेच खरी अडचण होती. नदी ओलांडायची तर प्रत्येक राहुटीच्या माथ्याला धन्याच्या घोड्याच्या आयाळीची दोरी हवी. दोरी नसलेली राहुटी वेगळं घर म्हणून पलीकडे जात नाही. तिचा नमदा, म्हणजे लोकरीचं जाड आच्छादन, गेलेल्याच्या थोरल्या भावाच्या राहुटीवर चढतो आणि घोड्या त्याच्या कळपात जातात. विधवेला घर राखायचं असेल तर तिनं स्वतः आयाळ कापून दोरी वळायची. त्यातही घोड्याला दावं नाही, फास नाही, कोणी धरायचं नाही. त्यानं आपल्या पायानं यायचं आणि उभं राहायचं. नाही आला, तर धन्याचीच मर्जी नाही असं धरतात.

तुलिनला तिचं घर हवं होतं. थोरला दीर होरेन वाईट माणूस नव्हता, उलट जरा जास्तच भला होता. तिची वेगळी चूल पुढे राखावी कशाला, हे त्याला खरोखरच कळत नव्हतं. पण त्याच्याकडे गेल्यावर जन्मभर दुसरीच्या चुलीवर दुसरीचं भांडं ढवळत बसायचं, हे तुलिनला ठाऊक होतं. तिच्या घोड्या तिनं शिंगरं असल्यापासून वाढवल्या होत्या. प्रत्येकीची खोड तिला माहीत होती. त्यांच्या कानावर होरेनची खूण पडलेली तिला बघवणार नव्हती. सासू ओयमा तिच्याच राहुटीत राहायची, पण मुलगा गेल्यापासून म्हातारी बोलायचीच बंद झाली होती. तिला काय हवं ते कोणाला कळत नव्हतं.

त्या दिवशी सगळा तळ कोंडाळं करून बसला. घोड्याला आत यायला एक बाजू मोकळी ठेवली होती. म्हाताऱ्या तारखाईनं, रीतीभाती सांभाळायचं काम त्याच्याकडे होतं, तुलिनच्या हातात कात्री दिली आणि सूर्य टेकडीला टेकेपर्यंत वेळ आहे म्हणून सांगितलं.

घोडा उतारावर चरत होता. तुलिननं हाक मारली. या, म्हणाली, आपलीच वाट बघतोय सगळे. घोड्यानं मान वर केली, चार पावलं आला, थबकला आणि पाठ फिरवून शेपूट उडवली. तिनं मीठ दाखवलं, दूध दाखवलं, हात जोडले. बायका कुजबुजायला लागल्या. दिवस कलत गेला. शेवटी होरेन उठला. त्याचेच डोळे भरून आले होते. पोरी, किती जिवाला लावून घेशील, असं म्हणत तो तिच्या राहुटीच्या दोऱ्या सोडायला लागला.

राहुटीचा नमदा खाली आला, गुंडाळून ठेवला गेला. आणि मघापासून भाव खाणारा हा घोडा मागच्या बाजूनं हळूच खाली उतरला, तुलिननं प्रवासासाठी वाळत घातलेल्या दह्याच्या वड्यांत त्यानं तोंड घातलं, आणि पुढचा चिखलाचा पाय बरोबर त्या नमद्यावर ठेवला.

तुलिनच्या डोक्यात सणक गेली.

"अरे मुडद्या, खा, सगळं खा! पोटाचा नगारा झाला तरी तुझी भूक भागत नाही. उचल तो पाय, नाहीतर कातडं सोलून जोडे शिवीन तुझे."

तुलिन, जिचा आवाज सासरी कोणी कधी चढलेला ऐकला नव्हता, तिनं सुतकातल्या घोड्याला शिवी दिली होती. आणि शिवी तरी कोणाची? शब्दन् शब्द नवऱ्याचा. तो रोज सकाळी राहुटीबाहेर पडला की याच शब्दांनी घोड्याचा उद्धार करायचा, आणि ती ओठांवर बोट ठेवून त्याला गप्प करायची, मोठी माणसं ऐकतायत म्हणून.

घोड्याचे कान ताठ झाले होते. त्याच्या तोंडातली वडी तशीच राहिली होती.

तुलिनला तेव्हा लख्ख कळलं. या बिचाऱ्याला वर्षभर कोणी हाकच मारली नव्हती. आपण सगळे कोणा परक्या पाहुण्याशी बोलत होतो.

कोंडाळ्यातला एक जण उठून म्हणाला, हा धन्याचा अपमान आहे. तारखाईनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "घोड्याला राग आलाय का बघ," तो म्हणाला, "मग तू रागाव."

तुलिन पुढे झाली. आता तिच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या, पण आवाज मोठाच होता.

"ये इकडे, आळशी, चोरट्या, ढोल्या. तुला काय आता निमंत्रण धाडू? असं सोडून जातं का रे कोणी? एक शब्द न बोलता? उद्याची नदी मी एकटीनं कशी ओलांडायची, सांग ना मुडद्या."

हे ती घोड्याला म्हणत होती की आणखी कोणाला, ते तिथल्या सगळ्यांना कळलं. घोडा नमद्यावरून उतरला, थेट तिच्यापाशी आला आणि डोकं तिच्या खांद्यावर टाकलं, सगळ्या भारानिशी, नवऱ्याच्या खांद्यावर टाकायचा तसंच. ती वाकली पण पडली नाही. एका हातानं त्याची मान कवटाळून तिनं आयाळ कापली. वेडीवाकडी कापली, पण तो हलला नाही.

तारखाईनं सूर्याकडे पाहिलं, मान हलवली आणि वर्षानंतर ते नाव मोठ्यानं उच्चारलं. "बारगुल," तो म्हणाला, "बारगुलचं घर नदी ओलांडेल."

होरेननं सोडलेल्या दोऱ्या परत बांधायला घेतल्या. नमद्यावरचा चिखल त्यानं आपल्या बाहीनं पुसला. तुलिन खाली बसून केस वळायला लागली. पीळ सारखा सुटत होता.

तेवढ्यात ओयमा काठी टेकत आली, सुनेशेजारी बसली आणि दोरीचं दुसरं टोक तिनं आपल्या हातात धरलं. बराच वेळ दोघी पीळ देत राहिल्या. घोडा शेजारी उभा राहून उरलेल्या वड्या संपवत होता.

म्हातारी वर्षभरानं बोलली. "तुलिन," तिनं घोड्याकडे बोट केलं, "अजून एकदा घाल गं शिव्या त्याला. माझ्या लेकाच्या."

तुलिननं डोळे पुसले आणि पहिल्यापासून सुरुवात केली.