जिन्यातले टोमॅटो

साध्या माणसांची पॅशन शोधत एक बाई पार उत्तरेकडच्या आमच्या या गावात कॅमेरा घेऊन फिरत होती. इथे हिवाळ्यात उजेड असतो जेमतेम चार तास, तेवढ्यात लोक दारातला बर्फ उपसतात आणि परत आत जातात. पण पॅशनबाईंना ज्याच्यात त्याच्यात कलाकार दिसायचा. शेजारचे काका लाकडाच्या चिमण्या कोरतात. त्यांचा व्हिडिओ आला आणि आमच्या मामीच्या पोटात दुखायला लागलं. तिने परस्पर मामाचं नाव देऊन टाकलं. पॅशन कोणती, तर माऊथ ऑर्गन. लग्नाआधी वाजवायचा म्हणे. मामीने ऐकला नसणार, नाहीतर लग्न कशाला झालं असतं?

मामा सरकारी इमारतीच्या तळघरात बॉयलर सांभाळतो. शाळा सोडल्यापासून मीही तिथेच पडीक असते. गरम असतं, आणि 'पुढे काय ठरवलंस' असं बॉयलर विचारत नाही.

मामाची खरी पॅशन बॉयलरच्या मागे होती. गरम पाइपांच्या कडेने टोमॅटोच्या कुंड्या, वर ट्यूबलाइटी. हे फक्त मला माहीत. मागच्या हिवाळ्यात वरच्या ऑफिसातल्या साहेबांना त्याची मिरचीची झाडं दिसली होती. "बॉयलर रूम आहे, बाग नाही," म्हणाले आणि त्यालाच ती बर्फात नेऊन ठेवायला लावली. मामा कितीतरी दिवस धड जेवला नव्हता. आता टोमॅटो लाल व्हायला लागले होते, आणि शूटिंग नेमकं तळघरात. वर साहेब जातीने बघायला येणार.

"जिन्यात ठेवू," मामा म्हणाला.

"तिथलं बाहेरचं दार नीट लागत नाही मामा. मरतील."

"दहा मिनिटांचं तर काम आहे गं."

दहा मिनिटं बाईंना टोपी काढायलाच लागली. मग दिवे. मग मामाच्या खांद्यावरची काजळी पुसली, आणि छान दिसत होती म्हणून परत लावली. साहेब हाताची घडी घालून, लग्नाच्या फोटोतल्या सासऱ्यासारखे उभे.

मामाने वाजवलं. त्यापेक्षा बॉयलर सुरात होता. पण मामाची नजर जिन्याच्या दारावरून हलेना.

"वा," बाई कुजबुजल्या. "काय आर्त बघतात हो. पुन्हा एकदा घेऊ."

पुन्हा घेतलं. मग बाजूने घेतलं. मग खालून. मामाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"कशाचं दुःख आहे हे?"

"गारठ्याचं," मामा म्हणाला.

"किती खरं बोललात. आता हेच जरा सावकाश वाजवा."

माझं डोकं फिरलं. सरळ उठले, जिन्याचं दार उघडलं आणि एकेक कुंडी आत आणून पाइपांशी ठेवायला लागले. पानांनी माना टाकलेल्या. मामा वाजवायचा थांबला. साहेबांनी तोंड उघडलं.

"ए मुली, बाजूला हो," बाई माझ्यावर खेकसल्या. "पण झाडं राहू दे. मागे हिरवं बरं दिसतंय. साहेब, ही तुमची कल्पना का?"

कॅमेरा साहेबांकडे वळला. साहेबांनी तोंड मिटलं, केस सारखे केले.

"हो," म्हणाले. "कर्मचाऱ्यांना कसं, प्रसन्न वातावरण पाहिजे."

दोन झाडं गेली, बाकीची जगली. व्हिडिओ गावभर फिरला. मामी तो येईल त्याला दाखवते, चिमण्यावाल्या काकांना दोनदा दाखवला.

मी मामाला म्हटलं, "लाज नाही वाटत त्या माणसाला?"

"वाटू दे नाहीतर न वाटू दे," मामा कुंडी फिरवत म्हणाला. "आता बर्फात तर ठेवता येणार नाहीत ना त्याला."

आता पाहुणे आले की साहेब त्यांना 'आपली बाग' दाखवायला तळघरात आणतात आणि मामाला वाजवायला सांगतात. मामा वाजवतो. नजर टोमॅटोवर, कोण हात लावतंय म्हणून.

पाहुणे म्हणतात, काय आर्त आहे.