टाक्यांची शेवटची ओळ

अल्मासने डावा हात वर केला तसे खाजाभाई खुर्चीतून उठले आणि टीव्हीवर, तिच्या खांद्याच्या जागी बोट टेकवून तसेच उभे राहिले.

"बाजूला व्हा की, खाजाभाई. मला काय दिसंना," बजरंग म्हणाला.

खाजाभाई बाजूला झाले, पण बसले नाहीत. सकाळचे साडेसात वाजत होते. तिकडे कॅनडात मात्र अजून कालची संध्याकाळ चालू होती. एका मोठ्या हॉलमध्ये, चारी बाजूंनी काचा लावलेल्या मैदानात भारताच्या पोरी फिनलंडच्या पोरींशी लॅक्रोस खेळत होत्या. हातात जाळीची काठी, त्या जाळीत कडक रबराचा चेंडू, आणि चेंडू सुटला की दिसायचाच नाही. तिसगावात हा खेळ कुणाच्या बापाने पाहिला नव्हता. पण खाजाभाई पिंजाऱ्याची लेक गोलकीपर, म्हणून शेजारच्या बजरंगने आपली पिठाची गिरणी नऊपर्यंत बंद ठेवली होती आणि घरातला मोठा टीव्ही लावून दिला होता.

खाजाभाईंची बायको मलिका टीव्हीकडे पाठ करून बसली होती. मांडीवर तांदूळ पाखडायचं सूप.

"मला बघवणार न्हाई," ती आल्या आल्याच म्हणाली होती. "तुमी नुसतं सांगत ऱ्हावा."

पण आता सांगणाऱ्याचीच वाचा बसली होती. लेकीचा हात वर गेला आणि खाजाभाईंना एकदम आठवलं, की डाव्या खांद्याची शेवटची ओळ राहिली आहे.

नगरच्या कॉलेजात अल्मास हा खेळ शिकली ती मोकळ्या मैदानावरचा. हॉलमधल्या खेळाची तऱ्हा वेगळी. तिथे गोलकीपरने चेंडू नुसता अडवायचा नसतो, सगळं अंगच मध्ये घालायचं असतं. त्यासाठी छातीला आणि खांद्याला जाड पॅड लागतात. ते नगरला मिळेनात, पुण्यालाही मिळेनात. तेव्हा खाजाभाई म्हणाले होते, मग मी कशाला आहे? तीन पिढ्या गाद्या भरणारं घर. गादीचंच निळ्या पट्ट्यांचं कापड घेतलं, कापूस दोनदा पिंजला, ठासून भरला आणि दाभणाने बोट-बोट अंतरावर टाके घातले. पॅड असा झाला की बजरंगने त्यावर बुक्की मारून पाहिली आणि स्वतःचाच हात चोळत बसला.

फक्त डाव्या खांद्याची शेवटची ओळ तेवढी राखली. त्यांच्या घरची रीतच तशी होती. गादी कधी एका दमात पुरी करायची नाही. गिऱ्हाइकाने आठ दिवस तिच्यावर झोपायचं, कापूस त्याच्या अंगाप्रमाणे बसला की मग त्याच्या घरी जाऊन शेवटची ओळ घालायची. अंगाची वस्तू अंगाला विचारून शिवावी, असं बाप सांगून गेला होता. अल्मास पॅड घेऊन नगरला गेली, आठ दिवस वापरून परत येते म्हणाली. चौथ्याच दिवशी तिला शिबिराला बोलावणं आलं आणि शिबिरातून ती थेट विमानात बसली. पोरगी परदेशी चालली या आनंदात रीत कुठल्या कुठे विसरली गेली.

आणि कापूस तो कापूस. टाका नसला की घामाने त्याच्या गाठी होतात, गाठी खाली उतरतात. खांद्यावर राहतं ते नुसतं कापड.

"काय झालं ओ?" मलिकाने विचारलं.

"काय न्हाई. खेळत्यात."

खाजाभाई दाराशी गेले आणि संघाबरोबर गेलेल्या राजेश्वरी मॅडमना मोबाईलवर बोलून निरोप पाठवला. "मॅडम, मी अल्मासचा वडील बोलतोय, तिसगावहून. तिच्या पॅडची डावी बाजू कच्ची ऱ्हायलीय. माजी चूक हाय. तिला आतून एखादा टॉवेल घालायला सांगा. मेहरबानी करा." निरोप पोचल्याच्या दोन खुणा उमटल्या, पण त्या निळ्या काही होईनात. मॅडम टीव्हीवर समोरच उभ्या होत्या. हातात पाटी होती आणि त्या पोरींना ओरडून काही सांगत होत्या. इतक्या जवळ दिसत होत्या की हाक मारावी.

"सात झाले," बजरंग म्हणाला. "आपला एक."

"तिला लागलं का?" मलिका म्हणाली.

"अगं वैनी, तिचे अडवलेले मोज की. वीस तरी अडवले आसतील."

खाजाभाई मोजत नव्हते. चेंडू उजव्या बाजूने आला की त्यांचा श्वास सुटायचा, डाव्या बाजूने आला की अडकायचा. आपली लेक कशी खेळते हे बघायचं त्यांना सुचतच नव्हतं. गिऱ्हाइकाच्या उंबऱ्यावर बसून हजार गाद्यांच्या शेवटच्या ओळी घातल्या आणि पोटच्या पोरीची तेवढी विसरली. त्यांना स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या डावात एका उंच पोरीने अगदी जवळून चेंडू मारला. अल्मासने अंग मध्ये घातलं. चेंडू डाव्या खांद्यावर बसला आणि ती गुडघ्यावर आली.

सूप हलायचं थांबलं. मलिकाने मागे वळून पाहिलं नाही.

अल्मास उठली. काठी उचलली, डावा हात दोनदा झटकला आणि पुन्हा गोलच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली.

"उठली," खाजाभाई म्हणाले.

मग डाव संपला आणि कॅमेरा आपल्या पोरींच्या बाकाकडे वळला. पोरी पाणी पीत होत्या. बाकाच्या टोकाला, बाटल्यांच्या शेजारी काहीतरी निळ्या पट्ट्यांचं घडी करून ठेवलेलं होतं आणि त्यावर एक पोरगी बसली होती. खाजाभाई वाकून बघू लागले. कापड त्यांचं होतं, टाकेही त्यांचेच होते.

"आरं, ह्यो तर आपला पॅड," बजरंग म्हणाला. "मंग तिनं अंगात काय घातलंय?"

खाजाभाई खाली बसले. आधी जिवात जीव आला. आपली कच्ची ओळ पोरीच्या अंगावर नव्हती, पाप टळलं. पुढचा डाव सुरू झाला आणि चेंडू पुन्हा तसाच येऊ लागला, डावीकडूनही आणि उजवीकडूनही. मघाशी निदान कुठे लागेल ते ठाऊक होतं, का लागेल तेही ठाऊक होतं. आता अंगावर कुणाचा पॅड आहे, कसला भरलेला आहे, काहीच ठाऊक नव्हतं. चूकसुद्धा त्यांची राहिली नव्हती. ते मांडीवर हात ठेवून मॅच संपेपर्यंत बसून राहिले.

एकोणीस-तीन. बजरंग गिरणी उघडायला गेला.

तासाभराने, घरी, अल्मासचा फोन आला.

"पाह्यली का, अब्बा?"

"पाह्यली."

"हारलो."

"त्याला काय हुतंय."

"अब्बा, तुमी रागवू नका. पॅड स्पर्धावाल्यांनी पास केला न्हाई. त्यावर कंपनीचा शिक्का लागतो म्हणे. मॅडम लई भांडल्या. मंग जपानच्या पोरीनं तिचा जुना दिला. तो जरा ढिला हाय, पन चालतोय."

"मी कशाला रागवू."

"तुमचा मी रोज बाकावर नेते. पोरी बसायला भांडत्यात त्याच्यावर."

"तुला कुठं लागलं का?"

"न्हाई. कुठंच न्हाई."

मलिका शेजारी कान देऊन उभी होती. तिने छातीवर हात ठेवून वर बघितलं, अल्लाचे आभार मानले आणि चहा टाकायला आत गेली.

"अब्बा," अल्मास हळूच म्हणाली, "मुक्या माराला काय करायचं असतं? एका पोरीला लागलंय. तिला हात वर करता येईना."

खाजाभाईंनी चुलीकडे पाहिलं आणि फोन घेऊन ते अंगणात आले.

"बर्फ लाव म्हणावं. आन डाव्या कुशीवर झोपू नको म्हणावं तिला."



"सांगते," ती म्हणाली.

"आन उद्या खेळू नको म्हणावं."

"तिला खेळावंच लागतंय, अब्बा. दुसरी गोलकीपर न्हाई."

आतून मलिकाने चहाला हाक मारली. खाजाभाईंनी "आलो" म्हटलं आणि फोन कानाला लावून तिथेच उभे राहिले.