कागदावर जमा झालेली खुर्ची

मित्रांनो, तुम्हाला खुर्चीत बसायला कुणी शिकवलं नसेल. बसलात, झालं. ज्या मुलांची पाठ आणि मान आपापली सरळ राहत नाही, त्यांच्यासाठी मी आहे. उंच पाठीची लाकडी खुर्ची, दोन्ही बाजूंना गाद्या, छातीला आणि कमरेला पट्टे, पाय टेकायला फळी. अशा मुलांना साधनं वापरायला देणाऱ्या केंद्राच्या मिस्त्रींनी मला घडवलं. मूल वाढलं की बैठक पुढे सरकवता यावी, म्हणून त्यांनी खाली स्क्रूसाठी सहा भोकं पाडली. "पाच वर्षांची निश्चिंती!" असं ते म्हणाले होते. पण मुलं काही मिस्त्रींना विचारून वाढत नाहीत.

मी कुणाच्या मालकीची नाही. एका घरून केंद्रात जमा व्हायचं, पुसून घ्यायचं आणि दुसऱ्या घरी जायचं. अशी नऊ घरं झाली. सुरुवातीला लोक माझं फार कौतुक करायचे, माझ्याबरोबर फोटो काढायचे. आता माझ्या गाद्या बसल्या आहेत, एक पाय डुगडुगतो. खरं सांगते, मी दमले आहे. खुर्ची दमली म्हटलं की लोक हसतात.

आठवं घर एका मुलीचं होतं. आई तिला महाराणी म्हणायची. माझ्यात बसून महाराणीने पहिल्यांदा खिडकीबाहेरचा रस्ता पाहिला, चमचा स्वतःच्या हाताने तोंडाशी नेला. आई त्या दिवशी खूप रडली आणि मग भांडी घासायला गेली. पण तीन वर्षांत सहाही भोकं संपली. महाराणीच्या मांडीवर पट्ट्याचे वळ उठू लागले.

केंद्राचा नियम असा, की लहान खुर्ची जमा केल्याशिवाय मोठीसाठी नाव लागत नाही. नाव लागल्यावर चार-सहा महिने सहज जातात. तोवर मूल जमिनीवर. म्हणून केंद्रातून भेटीला येणाऱ्या मॅडमनी "खुर्ची पुरते ना?" असं विचारलं, की आई घाईघाईने म्हणायची, "अगदी मापात आहे!" आणि मुलीच्या मांडीवर चादर ओढायची. मॅडमना अजून चार घरं करायची असत. त्या कागदावर खूण करून उठायच्या. मला ओरडून सांगावंसं वाटे, पण मला नुसती पाठ आहे, तोंड नाही.

शेवटी माझा पाय ठोकायला मिस्त्री स्वतःच आले. वाकून पाहतात तर स्क्रू शेवटच्या भोकात.

"ताई, हे काय? पोरीची कंबर वाकडी होईल की!"

"मला दिसत नाही का, दादा? पण ही नेलीत तर ती पुन्हा छताकडे बघत पडून राहील. तुम्हीच सांगा, काय करू?"

मिस्त्रींनी पोरीच्या मांडीचं माप घेतलं. मग त्यांनी एक फळी जोडून माझी बैठक चार बोटं वाढवली, कागदावर 'खुर्ची जमा' असं लिहून सही केली आणि मला तिथेच सोडून गेले. चार महिन्यांनी महाराणीला मोठी खुर्ची मिळाली. तिची कंबर वाचली. मला मिस्त्रींचा फार अभिमान वाटला.

केंद्रात परत आले तेव्हा कळलं, की कागदावर जमा झाल्याबरोबर मी एका छोट्या मुलाच्या नावावर लागले होते. त्याचे आजोबा मला न्यायला सात वेळा येऊन गेले होते. दर वेळी मिस्त्री खाली बघून म्हणत, "पॉलिश चालू आहे, बाबा."

आता मी त्या मुलाकडे आहे. पहिल्या दिवशी व्यायाम घेणाऱ्या ताईंनी त्याला माझ्यात बसवलं. त्याची पाठ आखडली होती, तो कळवळला. ताई म्हणाल्या, "चार महिने आधी बसवलं असतं, तर एवढं दुखलं नसतं."

"पॉलिश चालू होतं ना," आजोबा म्हणाले. बोलता बोलता त्यांनी माझ्या हातावरून हात फिरवला. लाकूड कोरडं होतं, जागोजागी खरखरीत. त्यांचा हात थांबला. मग ते नातवाचे डोळे पुसत राहिले.

मित्रांनो, त्या आईवर रागावू नका, मिस्त्रींवरही नको. मला पुसू नका, जपू नका, माझं कौतुक तर मुळीच नको. माझ्यासारखी आणखी एक बनवा.