चमचाभर दाट तेल

या, असे पुढे सरकून बसा. मागे भिंतीला टेकू नका, टेकलं की मान डुलायला लागते. एका जुन्या गाडीची आणि चमचाभर तेलाची गोष्ट आहे. लांबण लावणार नाही.

मुलाने बॉनेट वर करून दांडी अडकवली आणि कार्बोरेटरच्या डोक्यावरची काळी टोपी दोन बोटांनी फिरवली. टोपीबरोबर एक बारीक दांडा वर आला, तेलाने माखलेला. त्याने तो उजेडात धरला. टोकाशी थेंब जमला, लांबला, तिथेच लोंबकळत राहिला.

"मधाची बरणी उघडलीस की काय?" आईने दारातून विचारलं.

"हे इतकं दाट नसतं, आई."

"तुला गाडीतलं कधीपासून कळायला लागलं?"

"गाडीतलं नाही कळत. दाटपणातलं कळतं."

ते मात्र खरं होतं. तो रंगाच्या कारखान्यात तपासनीस होता. बारीक भोकातून रंग किती सेकंदांत उतरतो ते घड्याळ लावून पाहायचं आणि डबा पास की नापास ते लिहायचं, बावीस वर्षं हेच काम. दूधवाला त्याला लांबून पाहताच सायकल पलीकडच्या गल्लीत वळवायचा.

गाडी बाबांची. चाळीस वर्षं त्यांच्या हातात वाढलेली. गेलं दीड वर्ष तिला काहीतरी झालं होतं. पाय दाबला तरी आळोखेपिळोखे देत निघायची, मागून काळा धूर सोडायची. बाबा म्हणायचे, "वय झालं तिचं," आणि विषय बदलायचे. मुलाने शेवटी गाडीबरोबर आलेलं जुनं पुस्तक शोधून वाचलं. त्या काळ्या टोपीखाली एक पिस्टन असतो. ऍक्सिलरेटर दाबला की तो वर उचलला जातो. त्याने एकदम उसळी घेऊ नये म्हणून पोकळीत चमचाभर तेल घालतात. तेल पाण्यासारखं पातळ असेल तर इंजिनाला ठसका लागतो, फार दाट असेल तर गाडी सुस्तावते. पुस्तकात स्वच्छ छापलं होतं: वीस नंबरचं.

त्याने दोन सिरिंज घेतल्या, दट्टे काढले, एकीत नवं वीस नंबरचं तेल भरलं, दुसरीत गाडीतून उपसलेलं. घड्याळ लावलं. नवं तेल एकोणीस सेकंदांत उतरलं. गाडीतलं एक मिनिट सहा सेकंद.

मग एकेक गोष्ट त्याच्या डोक्यात जागेवर बसायला लागली. गाडी नेहमी ज्या गॅरेजात जायची तिथल्या मिस्त्रींनी बाबांना दोनदा विचारलं होतं, "साहेब, विकायची झाली तर आधी मला सांगा." बाबा दर महिन्याला तेलासाठी म्हणून गॅरेजात जायचे. हे तेल काही महिन्याला संपत नाही. आणि एकदा कारखान्यातून येताना अर्ध्या शटरखालून त्याने स्वतः पाहिलं होतं: बाबा गाडीत डोळे मिटून बसलेले, मिस्त्री दाराशी उकिडवे बसून हळू आवाजात काहीतरी विचारताहेत. त्याची चाहूल लागताच दोघं गप्प. मिस्त्रींनी तर उगाच पान्हा उचलला होता.

म्हाताऱ्या माणसाला गाडीचा कंटाळा आणायचा आणि ती पदरात पाडून घ्यायची, दुसरं काय?

सिरिंज खिशात घालून तो गॅरेजात गेला. मिस्त्री चाकाशी वाकले होते.

"हे तेल तुम्ही घातलं?"

मिस्त्रींनी सिरिंजकडे पाहिलं. "मीच."

"पुस्तकात कुठलं सांगितलंय?"

"वीस नंबर."

"म्हणजे माहीत होतं तुम्हाला."

मिस्त्री एक स्वच्छ पान्हा पुसत राहिले. "चूक झाली समजा," ते म्हणाले. मग जरा थांबून, "पण या महिन्यात साहेबांना एकदा पाठवा. विसरू नका."

"अजून कशाला पाठवू? उरलीसुरली गाडी बिघडवायला?"

मिस्त्रींनी पान्हा खाली ठेवला. खोटं बोलणारा माणूस हुज्जत घालतो, हातवारे करतो, देवाची शपथ घेतो. हा माणूस नुसता उभा होता, पण मुलाला ती कबुलीच वाटली आणि त्याचा संशय आणखी घट्ट झाला. दुसऱ्या दिवशी कारखान्यात त्याने सेकंदांसकट सगळी हकिकत सांगितली. आठवडाभरात मॅनेजरांची आणि हिशेबनीसबाईंची गाडी त्या गॅरेजातून दुसरीकडे गेली.

रविवारी बाबा अंघोळीला गेले असताना त्याने पोकळी पुसून वीस नंबरचं तेल घातलं. कोणाला काही सांगितलं नाही. बाबांनी स्वतःच ओळखावं, अशी हौस.

दर रविवारी बाबा आईला तिच्या बहिणीकडे नेत. आईचे गुडघे गेलेले, बसची पायरी चढवत नव्हती. गाडी होती म्हणून आठवड्यातून एकदा तिला बहिणीचं तोंड दिसायचं. आई मागे बसली, मुलगा बाबांच्या शेजारी.

"आज तू कसा काय?"

"सहज."

फाटकातून निघतानाच गाडीने उडी मारली. बाबांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. मुलगा खुशीत होता. कोपऱ्यावर वळण घेऊन त्यांनी पाय दाबला आणि गाडी सुसाट सुटली, जशी दीड वर्षात सुटली नव्हती. समोर एक जण गाठोड्यांची हातगाडी आडवी ढकलत होता. बाबांचा पाय हलला, पण गाडीचा वेग आणखी वाढला. मग ब्रेक लागला. हातगाडी आणि बंपर यांच्यात वीतभर जागा उरली.

"आजोबा," हातगाडीवाला गाठोडं सावरत म्हणाला, "एवढी घाई असेल तर आधी मला सांगायचं, मी घरीच बसलो असतो."

बाबा त्याच्याकडे पाहत नव्हते. ते मान वाकवून खाली, पायांकडे पाहत होते. काळोखात पडलेली वस्तू शोधावी तसे. मग त्यांनी उजव्या गुडघ्याखाली हात घातला आणि पाय उचलून बाजूला ठेवला.

"तेल कोणी बदललं?"

"मी."

बाबांनी मान हलवली. रागावल्यासारखी नाही.

"कधीपासून कळत नाही पायाला?" मुलाने विचारलं.

"तळव्याला? दीड वर्ष झालं. किती दाबलाय, कशावर आहे, काही समजत नाही. दाट तेलात गाडी जरा थांबून निघायची. तेवढ्यात मी खाली बघून घ्यायचो."

मागच्या सीटवर आई गुडघ्यांवरून हात फिरवत होती. मग म्हणाली, "आणि मला वाटायचं, माझ्या गुडघ्यांना धक्के नकोत म्हणून सावकाश चालवता."

"तेही होतंच की," बाबा म्हणाले.

त्यांनी दार उघडलं, बॉनेटला हात लावत लावत पुढून वळसा घातला आणि मुलाच्या दाराशी येऊन उभे राहिले. "सरक तिकडे. मावशी वाट बघत असेल."

त्या संध्याकाळी मुलगा स्वतः गाडी चालवत गॅरेजात गेला. मिस्त्री एकटेच बाकावर बसले होते. आत एकही गाडी नव्हती.

"किल्ली दिली त्यांनी?" मिस्त्रींनी आधी तेच विचारलं.

"दिली."

"कोणाला लागलं तर नाही ना?"

"नाही."

मिस्त्रींनी डोळे मिटून घेतले. ओठ थोडे हलले. मग बोलायला लागले, ते कोणी झाकण काढल्यासारखे. "मुलाला कळलं तर किल्ली काढून घेईल, मग हिचं बहिणीकडे जाणं बंद, असं म्हणत होते. मी एका अटीवर तेल घातलं. दर महिन्याला इथे यायचं. डोळे मिटून पाय ठेवायचा, मी विचारणार किती दाबला. तीनदा चुकलं की मी स्वतः तुम्हाला सांगणार. गेल्या महिन्यात तीनदा चुकले. एक महिना मागून घेतला त्यांनी." ते थांबले. "तो मी द्यायला नको होता. तेवढं माझं चुकलंच."

"आणि गाडी विकत मागत होतात ते?"

"माझ्याकडे असती तर रविवारी मी चालवली असती. ते शेजारी बसले असते, मालकासारखे."

मुलगा तेलकट फरशीकडे बघत राहिला. "मी विचारलं तेव्हा का नाही बोललात?"

"कोणी घातलं, ते विचारलंत तुम्ही. ते सांगितलं. का घातलं, ते विचारलंच नाहीत."

"उद्या कारखान्यात जाऊन मी सगळ्यांना खरं सांगतो."

"काय सांगणार? साहेबांचा पाय?" मिस्त्रींनी बाकावरून उठून शटरला हात घातला. "दीड वर्ष ते बधिर पायाने बायकोला घेऊन रस्त्यावर हिंडले, हे? लोक काय म्हणतील त्यांना? राहू द्या. तेलात चुकलेला मिस्त्री फार मोठी गोष्ट नाही. उद्या विसरतील."

लोक विसरले नाहीत. मुलाने दर रविवारी गाडी चालवली, बाबा शेजारी बसले, आई मागून दोघांना रस्ता सांगत राहिली. आपली गाडी मात्र त्याने दुसऱ्या कोणाकडे नेली नाही. गॅरेजात पुष्कळदा तेवढी एकच गाडी असायची. काही वर्षांनी ते शटर एकदा खाली आलं ते वर गेलं नाही.

बाबा आता नाहीत, म्हणून हे बोलायला मोकळीक आहे. त्या बाजूच्या जुन्या माणसांना आजही विचाराल तर सांगतील, तिथे एक लबाड मिस्त्री होता, तेलात गडबड करायचा. तुम्ही त्यांच्याशी वाद घालू नका. घरी जाल, दिवा लावाल, आपल्या माणसांची नावं देवापुढे घ्याल, तेव्हा शेवटी क्षणभर थांबा आणि त्या मिस्त्रींना आठवा.