पेन्सिलीबाहेरचा डाग

मी ताईच्या वहीत चिकटवलेली पांढरी पट्टी बोलतेय. बोटभर पत्रा आणि त्यावर सिलिकाचा खडूसारखा थर, एवढाच माझा देह. पण चहाडी करण्यात माझा हात कोणी धरणार नाही. कशात काय मिसळलंय ते मी वेगळं काढून दाखवते.

लहान मुलांचं खोकल्याचं औषध बनवणाऱ्या कारखान्यात ताई कच्चा माल तपासते. तीन आठवड्यांपूर्वी ग्लिसरीनचं नवं पिंप आलं. ताईने माझ्या तळाशी रेघ ओढून दोन ठिपके ठेवले. डावा खात्रीच्या ग्लिसरीनचा, उजवा नव्या पिंपातला. मग मला द्रावकाच्या बरणीत उभं करून झाकण लावलं. द्रावक माझ्या अंगातून वर चढू लागला. डावा ठिपका थोडा चढून थांबला. उजव्यातलं ग्लिसरीनही तिथंच थांबलं, पण त्यात लपलेला एक चोर सुटून वर पळाला: ग्लिसरीनसारखंच दिसणारं, मूत्रपिंडं बंद पाडणारं विष.

मग ताईने मला आयोडीनच्या बरणीत धरलं. त्या वाफेत डाग तपकिरी दिसतात, पण घटकाभरच. तो रंग उडून जायच्या आत डागांभोवती पेन्सिल फिरवावी लागते. ताईने खालचे दोन डाग गोल केले. तिसऱ्याशी पेन्सिल नेली, तोच साहेब मागे येऊन उभे राहिले.

"तो राहू दे. हात लागला असेल."

"सर, दुसरी पट्टी लावून बघते ना."

"तिकडे काम खोळंबलंय. माल चांगला म्हणून सही कर."

तिने सही केली. तिसरा डाग फिका होत होत दिसेनासा झाला. मला फार राग आला, पण आयोडीनशिवाय मला वाचा नाही.

आज दुपारी तिच्या वहिनीचा फोन आला.

"ताई, बाळाचा खोकला थांबला, पण कालपासून त्याला लघवीच नाही. काय दिलं म्हणून डॉक्टर विचारतायत. तुमच्या कारखान्यातलंच औषध दिलं, दुसरं काहीच नाही."

ताई कपाटाकडे धावली. पिंप केव्हाच रिकामं झालंय, राखून ठेवलेली नमुन्याची बाटली कपाटात नाही. तिने वही उघडून माझ्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"इथंच होता," ती पुटपुटली.

ताई, तो अजून इथंच आहे, पण रोज थोडा थोडा उडतोय. मला उपटून पुन्हा आयोडीनच्या बरणीत धर, तो दिसेल. जिन्यावर साहेबांचे बूट वाजतायत, ते वही मागतील. या वेळी त्यांचं ऐकू नकोस, वही देऊ नकोस. तिकडे डॉक्टर ताटकळलेत.